व्यापारी ईमेल आणि स्पॅमची चाळणी

व्यापारी मंडळींत, आणि वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांतही, एक समजूत दृढ झालेली आढळते. ती अशी की, विक्रीसाठी पाठवलेला ईमेल ग्राहकाच्या इनबॉक्समध्ये न पडता स्पॅमच्या कप्प्यात पडतो, ह्याचे कारण त्यातील काही 'निषिद्ध' शब्द होत. 'मोफत', 'सवलत', 'त्वरा करा' हे शब्द टाळावेत, उद्गारचिन्हे आवरती घ्यावीत, तांबडी अक्षरे वापरू नयेत, म्हणजे पत्र सुखरूप पोहोचते, असे सांगणाऱ्या याद्या हातोहात फिरत असतात. ह्या याद्या सर्वस्वी खोट्या आहेत असे म्हणता येणार नाही. त्या जुन्या आहेत. ज्या चाळणीचे वर्णन त्या करतात, ती पंचवीस वर्षांपूर्वी प्रचारात होती. आजची चाळणी पत्रातील शब्दांकडे पाहण्यापूर्वी पत्र कोणी पाठवले, त्याचा आजवरचा व्यवहार कसा होता आणि ज्याला ते पाठवले त्याला ते हवे होते काय, हे तीन प्रश्न विचारते. हा पालट का झाला व त्यामुळे प्रामाणिक विक्रेत्यावर कोणती जबाबदारी येऊन पडली, ह्याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी एक उदाहरण कल्पू. रत्नागिरीचा एक आंबा-बागायतदार आहे. मुंबई, पुणे, बडोदे, इंदूर येथील सुमारे ६,००० ग्राहकांचे ईमेल पत्ते त्याने काही वर्षांत जमवले आहेत. मार्च महिन्यात पहिली पेटी तयार झाली की तो सर्वांना एकाच दिवशी भाव कळवणारे पत्र धाडतो. मे संपला की पुढील नऊ-दहा महिने गप्प बसतो. त्याचा माल खरा आहे, भाव खरा आहे, नाव खरे आहे. तरीही त्याचे पत्र स्पॅममध्ये पडण्याचा संभव बराच आहे, आणि त्याचे कारण 'सवलत' हा शब्द नव्हे.

ह्या प्रश्नाचे मूळ ईमेलच्या रचनेतच आहे. आजची वहनपद्धती जोनाथन पोस्टेल ह्यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये आरएफसी ८२१ ह्या लेखाने मांडली. तिच्यात पाकीट आणि पत्र ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. दोन सर्व्हर परस्परांशी बोलताना 'हे अमक्याकडून, तमक्यासाठी' असे जे सांगतात ते पाकीट. वाचकाच्या पडद्यावर प्रेषक म्हणून जे नाव उमटते ते पत्राच्या आतील मायन्यातले. दोन्हीकडे एकच नाव असावे असे बंधन मूळ पद्धतीत नाही, आणि लिहिलेले नाव खरे आहे की नाही हे तपासण्याची तरतूदही नाही. पोस्टाच्या पत्राला निदान तिकीट लावावे लागते. येथे एक पत्र धाडण्याचा आणि लाख पत्रे धाडण्याचा खर्च जवळजवळ सारखाच. पत्र वाचण्याचा, खोडण्याचा व साठवण्याचा भार मात्र घेणाऱ्यावर.

पोस्टेल ह्यांना हा धोका दिसला नव्हता असे नाही. नोव्हेंबर १९७५ मध्ये, म्हणजे ही पद्धती ठरण्याच्या सात वर्षे आधी, त्यांनी नकोशा टपालाच्या प्रश्नावर एक छोटे टिपण (आरएफसी ७०६) लिहून, नको असलेल्या यंत्राकडून येणारे संदेश नाकारण्याची सोय जाळ्यात नाही हे दाखवून दिले होते. पुढे ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट ह्या संगणक-कंपनीच्या विक्री विभागातील गॅरी थुर्क ह्यांनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील काही शे अर्पानेट-धारकांना नव्या यंत्राच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण एकदम धाडले. पत्ते घेतले होते ते छापील सूचीतून. ते इतके होते की पत्त्यासाठी राखलेल्या जागेत न मावता पत्राच्या मजकुरात सांडले. जाळ्याच्या चालकांनी कडक शब्दांत नापसंती कळवली. आपल्याला त्यातून मोठी विक्री मिळाली असे थुर्क ह्यांनी पुढे सांगितले. सूचीतून उचललेले पत्ते, एकाच वेळी धाडलेला गठ्ठा, घेणाऱ्यांची चीड आणि तरीही होणारी विक्री, अशी पुढील सर्व कथेची पात्रे ह्या पहिल्याच प्रसंगात हजर आहेत. 'स्पॅम' हे नाव मात्र नंतरचे. डबाबंद मांसाच्या एका प्रसिद्ध छापाचे ते नाव १९७० मधील एका ब्रिटिश विनोदी प्रवेशात इतक्या वेळा उच्चारले गेले, की कंटाळवाण्या पुनरुक्तीला तेच लागू झाले.

आता चाळणीकडे वळू. पहिल्या चाळण्या खरोखरच शब्दांच्या होत्या. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्पॅमॲसॅसिन ह्या कार्यक्रमाची रीत गुण मोजण्याची होती व आहे : अमुक लक्षण दिसले तर इतके गुण, तमुक दिसले तर तितके, आणि बेरीज ५ झाली की पत्र नकोसे ठरवावे. निषिद्ध शब्दांच्या याद्या निघाल्या त्या अशा नियमावलींतून. परंतु नियम हाताने लिहिण्याऐवजी ते पत्रांवरूनच अनुमानावेत, हा विचार त्याआधीच मांडला गेला होता. १९९८ मध्ये सहामी, ड्युमे, हेकरमन व हॉर्विट्झ ह्या चौघांनी बेझच्या प्रमेयावर आधारलेली पद्धती सुचवली, आणि ऑगस्ट २००२ मध्ये पॉल ग्रॅहम ह्यांच्या एका निबंधाने ती सामान्य प्रोग्रामरांपर्यंत पोहोचवली.

हिशोब सोपा आहे. समजा, एका गृहस्थाकडे येणाऱ्या पत्रांत हवी व नकोशी पत्रे निम्मी-निम्मी आहेत. नकोशा १०० पत्रांपैकी ३० पत्रांत 'सवलत' हा शब्द आढळतो, हव्या १०० पत्रांपैकी ३ पत्रांत आढळतो. तर 'सवलत' असलेले नवे पत्र नकोसे असण्याची संभाव्यता ३० भागिले ३३, म्हणजे सुमारे ०.९१ होते. आता दुसरा गृहस्थ घ्या. त्याला पुस्तके विकत घेण्याचा नाद आहे आणि दोन-तीन प्रकाशकांची पत्रे तो आवडीने वाचतो. त्याच्या हव्या १०० पत्रांपैकी २० पत्रांत 'सवलत' येते. त्याच्यापुरती हीच संभाव्यता ३० भागिले ५०, म्हणजे ०.६० एवढीच भरते. शब्द एकच, नकोशा पत्रांतील त्याचे प्रमाण एकच, निर्णय मात्र निराळा. म्हणजे शब्दाला स्वतःचा असा दोष नाही. दोष वा गुण ठरतो तो घेणाऱ्याच्या सवयीवरून. निषिद्ध शब्दांच्या यादीचा पाया ह्या एकाच उदाहरणाने ढासळतो. ग्रॅहम ह्यांना आपल्या पत्रांची मोजदाद करताना असे आढळले की, भडक तांबड्या रंगाचा सांकेतिक क्रमांक हा कोणत्याही अश्लील शब्दाइतकाच स्पॅमचा सूचक आहे. हे कोणी यादी करणाऱ्याच्या मनात आले नसते. उलट बाजूने, ज्याला आपल्या मुलाच्या शाळेकडून तांबड्या अक्षरांत सूचना येतात त्याच्या बाबतीत हाच क्रमांक निरुपद्रवी ठरेल.

ह्या दोन्ही कामांत आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे, ती चुकांच्या किमतीची. नकोसे पत्र इनबॉक्समध्ये शिरले तर क्षणभर त्रास होतो. हवे पत्र स्पॅममध्ये गेले तर ते गेल्याचेच कळत नाही. म्हणून सहामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी संभाव्यता ९९.९ टक्क्यांच्या वर गेली तरच पत्र नकोसे समजावे असा दंडक ठेवला, आणि ग्रॅहम ह्यांनी हव्या पत्रांतील शब्दांची गणती दुप्पट धरली. प्रारंभीच्या अभ्यासकांचा कल असा संशयाचा फायदा पत्राला देण्याकडे होता. पुढे हा कल किती टिकला, ह्याचा विचार शेवटी येईल.

शब्दांवरचा भर कमी होण्याचे कारण असे की, ज्याची परीक्षा घ्यावयाची तो ह्या क्षेत्रात स्वस्थ बसत नाही. हवामानाचा अंदाज वर्तवला म्हणून पाऊस आपली चाल बदलत नाही. स्पॅम पाठवणारा मात्र चाळणी पाहून पत्र बदलतो. २००५ मध्ये लोउड आणि मीक ह्यांनी प्रयोगाने दाखवले की, नकोशा पत्रात नेहमीच्या सभ्य पत्रव्यवहारातील शब्द पेरले तर संख्याशास्त्रीय चाळणीला चकवता येते. अक्षरांच्या जागी अंक घालणे, मजकुराचे चित्र करून धाडणे, हेही उपाय झाले. त्यांवर प्रतिउपायही झाले. गूगलने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या रेटवेक ह्या पद्धतीचा उद्देश अशी विद्रूप केलेली अक्षरे ओळखणे हाच आहे. परंतु लेखन बदलण्यास काही लागत नाही, हा मूळ पेच त्याने सुटत नाही. जे फुकट बदलता येते त्यावर परीक्षा उभारणे व्यर्थ. जे बदलणे महाग पडते त्यावर ती उभारली पाहिजे. नाव आणि लौकिक ह्या दोन गोष्टी अशा महाग आहेत.

नावाच्या शहानिशेसाठी तीन व्यवस्था क्रमाने आल्या. पहिली एसपीएफ. डोमेनचा मालक आपल्या डोमेनच्या जाहीर नोंदीत लिहून ठेवतो की माझ्या नावाची पत्रे ह्या ह्या सर्व्हरांवरूनच निघतील. घेणारा सर्व्हर त्या नोंदीशी पाकिटावरील नाव ताडून पाहतो. तिची पहिली आरएफसी एप्रिल २००६ ची व सुधारलेली एप्रिल २०१४ ची. दुसरी डीकेआयएम, मे २००७ ची. याहू व सिस्को ह्या दोन कंपन्यांच्या योजना एकत्र करून ती घडली. हिच्यात पत्र पाठवणारा गुप्त किल्लीने पत्रावर सही करतो व तिची जोडकिल्ली जाहीर नोंदीत ठेवतो. वाटेत पत्र बदलले तर सही जुळत नाही. दोहोंतही एक उणीव राहिली होती. एसपीएफ पाकीट तपासते आणि डीकेआयएम सही करणाऱ्या डोमेनची साक्ष देते. वाचकाला जे नाव दिसते त्याचा ह्या दोहोंशी संबंध असलाच पाहिजे असे नव्हते. तो संबंध डीमार्कने जोडला (मार्च २०१५). दिसणारे नाव पाकिटाच्या किंवा सहीच्या डोमेनशी जुळले पाहिजे, आणि न जुळल्यास पत्र जाऊ द्यावे, बाजूस ठेवावे की परत लावावे, हे डोमेनच्या मालकाने आधीच सांगून ठेवावे, असा तिचा आशय.

हे वाचताना रुक्ष वाटते, पण ह्यात चूक झाली म्हणजे काय होते ह्याचा अनुभव आमच्या विभागाने घेतला आहे. एका चर्चासत्राची निमंत्रणे आम्ही घाऊक पत्रे पाठवणाऱ्या एका सेवेमार्फत धाडली. प्रेषक म्हणून विद्यापीठाचा पत्ता दिसत होता. पाकीट व सही मात्र त्या सेवेच्या डोमेनची होती. विद्यापीठाच्या डोमेनने न जुळणारी पत्रे बाजूस ठेवण्याची सूचना जाहीर केलेली होती, आणि घेणाऱ्या सर्व्हरांनी ती इमानाने पाळली. आमचीच सूचना आमच्याविरुद्ध अंमलात आली, असे म्हणावयास हरकत नाही. हे उघडकीस आले ते एका सेवानिवृत्त प्राध्यापकांच्या दूरध्वनीमुळे; आपल्याला वगळले असे समजून ते दुखावले होते. जाहीर नोंदीत दोन ओळी घालणे एवढाच उपाय होता, पण त्या घालण्यास लागणारी परवानगी येईतो चर्चासत्र होऊन गेले. निमंत्रणाचा मजकूर, सांगावयास नको, अत्यंत सभ्य होता.

लहान व्यापाऱ्याची गत ह्याहून बिकट होऊ शकते, कारण पुष्कळांना स्वतःचे डोमेनच नसते. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या डोमेनसाठी 'न जुळल्यास परत लावा' अशी सूचना जाहीर केली, तेव्हा याहूचा फुकट पत्ता प्रेषक म्हणून लावून दुसऱ्या सेवेमार्फत गिऱ्हाइकांना पत्रे पाठवणाऱ्यांची पत्रे एका दिवसात परत येऊ लागली. आमच्या बागायतदाराने म्हणून पहिला खर्च करावयाचा तो स्वतःच्या डोमेनवर. वर्षाला एखाद्या पेटीच्या किमतीहून तो सहसा अधिक नसतो.

तथापि नाव सिद्ध झाले म्हणजे मार्ग मोकळा झाला असे नव्हे. लबाडालाही स्वतःच्या नावाचे डोमेन घेता येते व त्यावर बिनचूक सही करता येते. सहीने एवढेच होते की, ह्या नावाच्या खात्यावर बरेवाईट जमा करता येते. हे खाते म्हणजेच लौकिक.

लौकिक कसा मोजला जातो, ह्याची एक स्पष्ट बाजू २०२४ पासून सर्वांपुढे आहे. गूगल व याहू ह्यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर केलेले नियम फेब्रुवारी २०२४ पासून लागू झाले. मायक्रोसॉफ्टनेही आपल्या आउटलुक सेवेसाठी तत्सम नियम मे २०२५ पासून आणले. गूगलच्या नियमांप्रमाणे, जीमेलच्या खासगी खात्यांना २४ तासांत सुमारे ५,००० वा अधिक पत्रे धाडणारा तो मोठा प्रेषक. त्याला वरील तिन्ही व्यवस्था सक्तीच्या आहेत. आणि 'हे स्पॅम आहे' असे कळवणाऱ्यांचे प्रमाण ०.१० टक्क्याच्या खाली राखावे, ०.३० टक्क्यापर्यंत कधीही जाऊ देऊ नये, असे बंधन आहे. येथे एक तपशील बागायतदाराने विसरता कामा नये : जो एकदा मोठा प्रेषक ठरला तो कायमचा मोठा प्रेषक. त्याचे बहुतेक ग्राहक जीमेलचे असतील तर वर्षातून एकच दिवस ५,००० चा आकडा गाठला, तरी बाराही महिने त्याला हे नियम लागू राहतात.

आकडे मांडून पाहू. ६,००० पत्रे इनबॉक्समध्ये पडली व ६ जणांनी तक्रारीचे बटण दाबले, की ०.१० टक्का झाला. १८ जणांनी दाबले की ०.३०. सहा हजारांत अठरा! इतक्या ग्राहकांना गेल्या मे महिन्यात आपण पत्ता दिला होता ह्याचा मार्चपर्यंत विसर पडणे अगदी स्वाभाविक आहे. शिवाय हे प्रमाण काढताना भाजक धरला जातो तो इनबॉक्समध्ये पडलेल्या पत्रांचा. निम्मी पत्रे आधीच स्पॅममध्ये गेली असतील तर भाजकातून ती वगळली जातात, तेथून तक्रारीही येत नाहीत, आणि प्रेषकाला दिसणारा आकडा उत्तम असतो. रोगी दवाखान्यात येईनासा झाला म्हणून रोग बरा झाला असे समजण्यासारखे हे आहे. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांना निवडीमुळे येणाऱ्या विपर्यासाचे ह्याहून चांगले उदाहरण सहसा सापडणार नाही.

हंगामी व्यापाराची दुसरी अडचण गठ्ठ्याची. नऊ महिने मुके असलेले डोमेन एका सकाळी सहा हजार पत्रे ओकू लागले, तर चाळणीच्या दृष्टीने ते चोरी झालेल्या खात्याच्या वर्तनाहून निराळे दिसत नाही. ह्यावर उपाय आहे आणि तो साधा आहे. ज्या ग्राहकांनी गेल्या हंगामात खरेदी केली, पत्राला उत्तर दिले, त्या दोन-तीनशेंना प्रथम लिहावे. त्यानंतर रोज थोडी थोडी भर घालीत दोन-तीन आठवड्यांत यादी संपवावी. मधल्या काळातही अगदी मौन धरू नये. मोहोर कसा आला, पावसाने किती झोडपले, हे कळवणारे एखादे पत्र डिसेंबर-जानेवारीत गेले तर नाव विस्मरणात जात नाही. मोहोराची बातमी ऐकण्यास आंब्याचा ग्राहक उत्सुक असतो, हे आणखी एक.

यादी कोठून आली, हा सर्वांत निर्णायक प्रश्न होय. विकत घेतलेल्या यादीत मेलेले पत्ते असतात, आणि काही पत्ते केवळ सापळे म्हणून ठेवलेले असतात. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या स्पॅमहाउससारख्या संस्था असे पत्ते बाळगतात. ते कोणीही कोणाला दिलेले नसतात. त्यांवर पत्र आले ह्याचा अर्थच हा की, पाठवणाऱ्याने पत्ता परवानगीवाचून मिळवला. काही सापळे जुन्या, सोडून दिलेल्या पत्त्यांतून तयार केलेले असतात, म्हणून वर्षानुवर्षे न झाडलेली प्रामाणिक यादीही त्यांत अडकते. जे पत्ते 'असे खाते नाही' म्हणून परत येतात ते त्याच दिवशी खोडावेत. आणि नवा पत्ता घेताना त्यावर एक पत्र धाडून, त्यातील दुव्यावरून ग्राहकाने होकार दिला तरच तो यादीत घ्यावा. ह्या दुहेरी होकाराने यादी लहान होते. विक्रेत्यांना हे रुचत नाही. परंतु वर काढलेल्या प्रमाणात अंशस्थानी येणारी बहुतेक माणसे ह्या गळतीत आधीच बाहेर पडतात.

त्याच न्यायाने निघून जाण्याची वाटही सोपी असली पाहिजे. पत्रे बंद करण्याचा दुवा बारीक अक्षरांत दडवला, तर ग्राहक तो शोधीत बसत नाही. हाताशी असलेले तक्रारीचे बटण दाबतो, कारण तेही पत्रे थांबवतेच. २०२४ च्या नियमांनी एका टिचकीत नाव काढून घेण्याची सोय पत्राच्या मायन्यातच, आरएफसी ८०५८ प्रमाणे, सक्तीची केली आहे व दोन दिवसांत ती अंमलात आणावी असे सांगितले आहे. गेलेला ग्राहक ही हानी नव्हे. चिडून राहिलेला ग्राहक ही हानी. पत्र उघडले गेले की नाही, ह्या आकड्यावर पूर्वी विक्रेते फार विसंबत. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलने आपल्या मेल-कार्यक्रमात पत्रातील चित्रे वाचकाच्या कृतीवाचून आधीच उतरवून घेण्याची सोय आणली, तेव्हापासून तो आकडा विश्वासार्ह राहिलेला नाही. उत्तरे आणि मागण्या मोजाव्यात हे बरे.

कायद्याविषयी थोडक्यात. अमेरिकेचा १ जानेवारी २००४ पासून अंमलात आलेला कायदा पूर्वपरवानगी मागत नाही; फसवे मथळे नसावेत, टपालाचा खरा पत्ता द्यावा, नाव काढण्याची विनंती कामकाजाच्या १० दिवसांत पाळावी, एवढेच तो मागतो. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशाप्रमाणे पूर्वपरवानगी हाच नियम असून विद्यमान ग्राहकांपुरता अपवाद आहे. आपल्याकडे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे २०१८ चे नियम दूरध्वनी व एसएमएस ह्यांना लागू आहेत, ईमेलला नाहीत. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६ अ कलमात त्रासदायक ईमेलचा उल्लेख होता ते सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द ठरवले. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने संमतीचे तत्त्व मात्र आणले आहे, आणि ईमेलचा पत्ता वैयक्तिक माहितीतच मोडतो. एकूण पाहता, ह्या क्षेत्रात कायद्याहून खासगी कंपन्यांचे नियम अधिक कडक आहेत व अधिक त्वरित अंमलात येतात.

आणि येथेच एक गंभीर प्रश्न उपस्थित होतो. न्यायालयाने एखाद्याविरुद्ध निर्णय दिला तर कारणे द्यावी लागतात. चाळणी कारणे देत नाही. पत्र उघड नाकारले तर निदान ५५० सारखा क्रमांक व एखादी ओळ परत येते. स्पॅमच्या कप्प्यात घातले तर 'स्वीकारले' असेच उत्तर मिळते. पाठवणाऱ्याला वाटते ग्राहक गप्प आहे, ग्राहकाला वाटते बागायतदार विसरला. कारणे प्रकट केली तर लबाड त्यांचा लाभ घेतील, हा कंपन्यांचा युक्तिवाद खरा आहे. लोउड-मीक ह्यांच्या प्रयोगाने तो दृढच होतो. तरी त्याची किंमत समान वाटली जात नाही. मोठी पेढी ह्या कामासाठी माणसे नेमते, स्वतःचे सर्व्हर राखते, कंपन्यांशी बोलू शकते. सहा हजार ग्राहकांचा बागायतदार एका हंगामातील तीन आठवडे गमावतो, आणि आंबा तीन आठवडे थांबत नाही. प्रारंभीच्या अभ्यासकांनी हवे पत्र गमावण्याला जी भारी किंमत लावली होती, ती घेणाऱ्याच्या बाजूने मोजलेली होती. पाठवणाऱ्याचे नुकसान त्या समीकरणात नव्हते, आणि आजही ते कोठे धरले जाते असे दिसत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते चाळणीच्या अभ्यासातील ही मोठी उणीव आहे.

मराठीतून लिहिणाऱ्याला ह्यात आणखी काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेते, रोमन अक्षर एकच. विषयाची ओळ पाठवताना ती संकेतबद्ध तुकड्यांत घालावी लागते व प्रत्येक तुकडा ७५ अक्षरांहून मोठा असू नये असा नियम आहे. वेष्टणाची अक्षरे वजा जाता त्यात ४५ बाइट, म्हणजे देवनागरीची अवघी १५ चिन्हे बसतात, आणि काने-मात्रे ह्यांची चिन्हे वेगळी मोजावी लागतात. तुकडा चिन्हाच्या मधोमध तोडणारे सदोष कार्यक्रम अजून वापरात आहेत. त्यांनी धाडलेल्या पत्राचा मथळा प्रश्नचिन्हांनी भरलेला दिसतो व वाचक साहजिकच संशय घेतो. मजकूर मोठा झाल्यास जीमेल सुमारे १०० किलोबाइटांपुढचा भाग दुमडून ठेवते; नाव काढण्याचा दुवा तळाशी असेल तर नेमका तोच झाकला जातो, आणि त्याचे पर्यवसान कशात होते हे वर आलेच आहे.

अक्षरांच्या साम्याचाही प्रश्न आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये जीमेलने रोमनेतर लिप्यांतील पत्ते स्वीकारण्यास प्रारंभ केला, तेव्हाच निरनिराळ्या लिप्यांची संशयास्पद सरमिसळ नाकारण्याचे धोरणही जाहीर केले. गुजराती शून्य रोमन 'ओ'सारखे दिसते हे उदाहरण त्या निवेदनात होते. आपले शून्यही त्याच आकाराचे. मराठी मजकुरात रोमन शब्द येण्यास हरकत नाही, परंतु एकाच शब्दात दोन लिप्या मिसळण्याचा शोभिवंत प्रकार जाहिरातींत दिसतो तो टाळलेला बरा.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना रस वाटावा असा मुद्दा निराळाच आहे. शब्द मोकळ्या जागेवर तोडून मोजणाऱ्या साध्या चाळणीला 'सवलत', 'सवलतीत', 'सवलतीचा', 'सवलतींसह' हे चार स्वतंत्र शब्द वाटतात. इंग्रजीत जो पुरावा एका शब्दावर जमा होतो तो मराठीत विभक्ती व शब्दयोगी अव्यये ह्यांमुळे पाच-दहा रूपांवर विखुरतो, आणि प्रत्येक रूपाची गणती निर्णयास अपुरी पडते. शब्दाचे सामान्यरूप ओळखून मोजले, किंवा शब्दांऐवजी तीन-चार चिन्हांचे गट मोजले, तर हा विखुरलेपणा किती कमी होतो हे पाहणे पदव्युत्तर प्रबंधिकेस योग्य आहे. त्यासाठी हव्या आणि नकोशा मराठी पत्रांचा संग्रह हवा. असा संग्रह विभागात करण्याचे योजिले असून, ज्यांना आपल्या स्पॅमच्या कप्प्यातील मराठी पत्रे देण्याची इच्छा असेल त्यांनी ती मायन्यासह, परंतु स्वतःचा पत्ता खोडून द्यावीत. हवी असूनही तेथे पडलेली पत्रे वेगळी दाखवल्यास अधिक उपयोग होईल.